शांत गाणं मध्येच किंचाळू का लागतं?

प्रश्न : आम्ही बेंगळुरूत, मल्लेश्वरममध्ये राहतो. घरात भावगीतं, नाट्यगीतं आणि इथे आल्यापासून थोडं कर्नाटक संगीत ऐकलं जातं. आमची धाकटी कॉलेजात आहे. सध्या ती मुंबईच्या ‘गॉडेस गॅग्ड’ या बँडचा ‘रीसरफेस’ आणि ‘स्क्राइब’ या बँडचे अल्बम लावून बसते. विचारलं तर म्हणते, ‘बाबा, हे पोस्ट-हार्डकोअर, ते हार्डकोअर.’ इथल्याच ‘थर्मल अँड अ क्वार्टर’चं काही लावलं की म्हणते, ‘हे आल्टरनेटिव्ह.’ मला दाराबाहेर सगळं सारखंच ऐकू येतं: एकच धडधड आणि मधूनच किंकाळी. बरं चाललेलं गाणं असं अचानक भडकतं, ते मुद्दाम का? यात संगीत नेमकं कुठे असतं? आणि गाणाऱ्याचा घसा टिकतो कसा?
(एक वाचक, मल्लेश्वरम)

उत्तर : तुमच्या प्रश्नातला ‘दाराबाहेर’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे, तेव्हा दारापासूनच सुरुवात करू.

भिंत आणि दार सगळे आवाज सारखे अडवत नाहीत. वरच्या पट्टीतले सूर अडतात, खालचे बऱ्यापैकी आरपार जातात. बास गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. या प्रकारच्या संगीतात ती बरेचदा आणखी उतरवून ३७च्या आसपास आणतात. हा खर्ज आणि ड्रमचा पायाने वाजणारा मोठा ढोल दार ओलांडून तुमच्यापर्यंत पोचतात. गिटारींची गुंफण, झांजांचे बारीक ठोके, शब्दांतली व्यंजनं मात्र खोलीतच राहतात. किंकाळी तेवढी निसटते, कारण तिचा बराच जोर दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि माणसाचा कान तिथेच सर्वांत तीक्ष्ण असतो. ती कितीही क्षीण झाली तरी कळते. म्हणजे तुम्ही ऐकता ती धडधड आणि किंकाळी खरीच आहे, फक्त त्यांच्या मधलं सगळं गाळून गेलेलं आहे.

फोनच्या स्पीकरवर नेमकं उलटं होतं. तो इवलासा पडदा खर्ज वाजवूच शकत नाही. त्यामुळे पाया निघून जातो आणि वरचा करकराट उरतो. हे संगीत गोंगाट आहे की नाही, हा निर्णय दाराबाहेरून किंवा फोनवरून देऊ नका. लेकीकडून एकदा बरे हेडफोन मागून घ्या.

आता नावांकडे वळू. आधी ‘हार्डकोअर’ झालं. १९८०च्या सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस अशा शहरांतली अठरा-वीस वर्षांची पोरं पंक रॉकलाही संथ म्हणू लागली. त्यांनी गाणी मिनिटा-दीड मिनिटाची केली, वेग दुप्पट केला, गिटारचे सोलो काढून टाकले आणि गायनाच्या जागी ओरडणं आणलं. वॉशिंग्टनचे ‘मायनर थ्रेट’ आणि ‘बॅड ब्रेन्स’, कॅलिफोर्नियाचा ‘ब्लॅक फ्लॅग’ हे त्यातले गाजलेले बँड. मोठ्या कंपन्या या गाण्यांच्या वाटेला जाणार नाहीत हे उघडच होतं. म्हणून मुलांनी स्वतःच्याच कंपन्या काढल्या. ‘मायनर थ्रेट’चा गायक इयान मॅकाय आणि त्याच्या मित्रांची ‘डिस्कॉर्ड’ ही कंपनी १९८० सालची.

पण अतिवेगाला मर्यादा असते. सगळीच गाणी सारख्या वेगाची, सारख्या आवाजाची झाली की तीन-चार वर्षांत त्यांचाही एक साचा बनतो. ज्यांनी नियम मोडण्यासाठी सुरुवात केली, त्यांना आपल्याच नियमांचा काच होऊ लागला. १९८४ मध्ये मिनिॲपोलिसच्या ‘हस्कर डू’ या तिघांच्या बँडने ‘झेन आर्केड’ नावाचा दुहेरी अल्बम काढला. घर सोडून निघालेल्या एका मुलाची गोष्ट, तेवीस तुकडे, त्यात पियानो, साधी अकूस्टिक गिटार आणि शेवटी चौदाएक मिनिटांचं नुसतं वाद्यसंगीत. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ने हार्डकोअरच्या त्याच वेगात राजकीय रागाऐवजी स्वतःच्या मनातली उलघाल गायला सुरुवात केली. हार्डकोअरमधूनच निघालेलं, त्याची तीव्रता जपणारं, पण त्याची चौकट सोडणारं जे काही पुढे आलं, त्याला पोस्ट-हार्डकोअर म्हणतात. ‘हार्डकोअरपेक्षाही जास्त आरडाओरडा’ असा अर्थ बरेच जण लावतात. खरं तर प्रवास उलट दिशेने झाला. ओरडण्याच्या जोडीला कुजबुज आली, शांतता आली, चाल आली.

याचं सर्वांत निर्मळ उदाहरण म्हणजे मॅकायचाच पुढचा बँड, ‘फुगाझी’, आणि त्यांचा १९९० सालचा ‘रिपीटर’ हा अल्बम. त्यात दोन गिटारी एकाच वेळी एकच गोष्ट वाजवत नाहीत. एक थांबते तिथे दुसरी बोलते, आणि बासची ओळ दोघींच्या मधून चालत राहते. कितीतरी जागा मोकळ्या सोडलेल्या आहेत. मला या बँडबद्दल विशेष आदर वाटतो तो त्यांच्या व्यवहारामुळेही. कार्यक्रमाचं तिकीट साधारण पाच डॉलरच ठेवायचं, सर्व वयाच्या मुलांना आत येता येईल असंच ठिकाण निवडायचं, टी-शर्ट विकायचे नाहीत, आणि प्रेक्षकांत कुणी धक्काबुक्की करू लागलं तर गाणं थांबवून त्याला समज द्यायची. बाहेरून आक्रस्ताळं वाटणारं संगीत वाजवणारी ही माणसं वागण्यात अशी काटेकोर होती.

‘आल्टरनेटिव्ह’ हे नाव मात्र फार सैल आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजांच्या रेडिओवर मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचं जे काही वाजायचं, ते सगळं या एका टोपलीत टाकलं गेलं. मग सप्टेंबर १९९१ मध्ये ‘निर्वाणा’ या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला अमेरिकेतल्या यादीच्या पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवलं. पर्यायी म्हणवणारंच मुख्य प्रवाह झालं. त्यानंतर त्या नावाला नेमका अर्थ उरला नाही. आज एखादा बँड आल्टरनेटिव्ह आहे असं कुणी म्हणालं, तर त्यावरून आवाज कसा असेल ते सांगता येत नाही. तो ठरावीक हेवी मेटल वाजवत नाही आणि चित्रपटगीतंही वाजवत नाही, एवढंच कळतं.

पोस्ट-हार्डकोअर आणि आल्टरनेटिव्ह हे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळलेलेही आहेत. टेक्सासमधल्या एल पासोच्या ‘ॲट द ड्राइव्ह-इन’ या बँडचा ‘रिलेशनशिप ऑफ कमांड’ हा २००० सालचा अल्बम पोस्ट-हार्डकोअरमधला मैलाचा दगड मानतात. त्याचं ध्वनिमिश्रण करणारे अँडी वॉलेस म्हणजे ‘नेव्हरमाइंड’चं मिश्रण करणारेच. तेव्हा तुमच्या लेकीच्या दोन खणांमध्ये पक्की भिंत नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ: यात संगीत कुठे असतं? इथे मी जरा जास्त थांबतो, कारण भावगीत आणि नाट्यगीत ऐकणाऱ्या कानाला हे समजायला उलट सोपं आहे.

गिटारचा तो फाटलेला आवाज बिघाडातून येत नाही, तो जाणूनबुजून काढलेला असतो. ॲम्प्लिफायरला पेलवेल त्यापेक्षा जास्त जोराचा संकेत दिला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. छाटलेल्या लहरीत मूळ सुराच्या जोडीने वरचे बरेच नवे सूर तयार होतात. दोन सूर एकत्र छेडले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूरही उमटतात. अशा आवाजात पाच-सहा सुरांचा भरगच्च मेळ वाजवला तर चिखलच होईल. म्हणून ही मंडळी बहुतेक वेळा दोनच सूर वाजवतात, आणि ते दोन आपल्या घरातले आहेत: षड्ज आणि पंचम.

का, ते हिशेबाने पाहू. सा आणि प यांच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. बेरीज पाच, म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार. दोन्ही सुरांना कुणी हात लावलेला नाही, तरी ते ऐकू येतात. सुरेल लावलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, त्याचाच हा विजेवर चालणारा भाऊबंद आहे. आता याच आवाजात गिटारवाल्याने मुद्दाम गंधार वाजवला तर काय होईल? गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून बसवलेले असतात. त्यामुळे तिचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो. आपोआप उमटणारा गंधार एक आणि बोटाने वाजवलेला दुसरा, अशी दोघांची टक्कर होते आणि कानाला खरखर जाणवते. गोड हवं असेल तर गंधार टाळतात, कडू हवं असेल तर घालतात. ‘रीसरफेस’सारखा अल्बम ऐकताना कुठे सूर मोकळा वाटतो आणि कुठे दात आंबतात याकडे लक्ष द्या, बरेचदा कारण हेच असतं.

पुष्कळ गिटारवादक सर्वांत जाड तार एक पूर्ण स्वर उतरवतात. मग खालच्या तीन तारा सा, प, सा अशा लागतात आणि एका आडव्या बोटाने तिन्ही दाबता येतात. हात मोकळा झाला की वेगाने जागा बदलता येतात. त्या संगीतातल्या झपाझप सरकणाऱ्या जाड सुरांमागे ही साधी सोय आहे.

तालाचंही तसंच. नेहमीच्या रॉकमध्ये चार मात्रांचं आवर्तन असतं आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर थाप. पोस्ट-हार्डकोअरवाल्यांना पाच आणि सात मात्रांचा सोस आहे. तुम्ही बेंगळुरूत खंड चापू आणि मिश्र चापू ऐकले असतील, म्हणजे पाच आणि सात तुमच्या अंगवळणी आहेत. एखादी ओळ लंगडल्यासारखी वाटली तर बोटांवर मोजून पाहा, बहुधा तीन अधिक चार सापडतील. आणि जिथे सगळं एकदम जड, संथ होतं, त्याला ही मंडळी ‘ब्रेकडाउन’ म्हणतात. तिथे लय प्रत्यक्षात उतरलेली नसते. ड्रमर मुख्य थाप निम्म्या वेळा देतो, म्हणून तीच लय विलंबित भासते.

हे झाल्यावर किंकाळीचं कारण सांगणं सोपं जातं. या संगीतात उत्कर्ष आलापीतून किंवा तानांतून साधत नाहीत, शांत आणि प्रचंड यांच्यातल्या अंतरातून साधतात. कडवं दबक्या आवाजात, एक गिटार, जवळजवळ बोलल्यासारखं. मग सगळी वाद्यं एकत्र कोसळतात. त्या क्षणी गायक सुरात गात राहिला तर त्याचा आवाज वाद्यांत बुडेल आणि भावनेचा चढही अर्धवट वाटेल. म्हणून तो सूर सोडून नुसत्या आवाजाच्या पोताकडे जातो. किंकाळीला पट्टी नसते, पण तिची जागा ठरलेली असते. शांत भाग जितका खरा, तितकी ती पटते. आधी काही उभंच केलं नसेल तर ती पोकळ वाटते, आणि अशा पोकळ किंकाळ्या काढणारे बँडही पुष्कळ आहेत, हे मान्य करायला हवं.

घशाची काळजी तुम्ही केलीत ते योग्यच. आपल्या स्वरतंतूंच्या थोडं वर आणखी दोन घड्या असतात. गिळताना किंवा जड ओझं उचलताना त्या जवळ येतात. जाणकार गायक किंकाळीसाठी मुख्य स्वरतंतूंवर सगळा ताण न देता या वरच्या घड्या आणि आसपासचा भाग थरथरवतो, आणि त्यामागचा दाब पोटाच्या आधाराने सांभाळतो. दुसरी गोष्ट म्हणजे हा आवाज प्रत्यक्षात वाटतो तितका मोठा नसतो. माइक ओठांना जवळजवळ चिकटलेला असतो आणि बाकीचं काम ध्वनियंत्रणा करते. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या शिक्षिकेने अशा गायकांना शिकवण्यातच कारकीर्द घडवली आणि २००५ मध्ये त्यावर ‘द झेन ऑफ स्क्रीमिंग’ नावाची शिकवणीची डीव्हीडी काढली. न शिकता, नुसता गळा ताणून ओरडणाऱ्यांचा आवाज मात्र खरोखर बसतो, स्वरतंतूंवर गाठी येतात. लेक ऐकण्यावरून गाण्याकडे वळली, तर आधी शिक्षक शोधा. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाणं बरं.

घशापेक्षा मला कानांची काळजी जास्त वाटते. ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहणं ही सुरक्षिततेची मर्यादा धरली, तर पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं हाती राहतात, आणि बंद जागेतला रॉकचा कार्यक्रम सहज तिथपर्यंत पोचतो. फोमचे कानातले बोळे औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतात. कित्येक वादक स्वतः ते घालूनच वाजवतात, त्यामुळे लेकीला त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

प्रश्न : हे सगळं अमेरिकेतून उचललेलं असेल, तर आपल्या मुलांनी त्यात नवीन काय केलं? आणि बेंगळुरूला रॉकची राजधानी म्हणतात, ते आयटीमुळे ना?

उत्तर : आधी दुसरा भाग. आयटी खूप नंतर आलं. १८०९ मध्ये इंग्रजांनी इथे लष्करी छावणी वसवली. तिच्या मागोमाग चर्चमधलं समूहगान, पियानो, लष्करी बँड आणि अँग्लो-इंडियन घरांतल्या गिटारी आल्या. पुढे कॉलेजांच्या महोत्सवांतल्या बँड स्पर्धा, १९८०च्या दशकातले पब, आणि राष्ट्रीय विधी विद्यालयातली ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स’ स्पर्धा, अशी पायरीपायरीने श्रोत्यांची फळी तयार झाली. पॅलेस ग्राउंड्सवर २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स, २००७ मध्ये आयर्न मेडन आणि २०११ मध्ये मेटॅलिका वाजवून गेले, ते इथे श्रोता आधीपासून होता म्हणून. गोपाळ नवले यांनी सुरू केलेल्या ‘फ्रीडम जॅम’सारख्या विनातिकीट कार्यक्रमांनी तर कित्येक नवख्या बँडना पहिल्यांदा मोकळ्या मंचावर उभं केलं.

‘थर्मल अँड अ क्वार्टर’ १९९६ पासून याच शहरात वाजवत आहे. नावाचा तापमानाशी काही संबंध नाही. मूळ चौघांत तीन मल्याळी आणि एक पाव मल्याळी, त्यावरचा तो मित्रामित्रांतला विनोद आहे. गिटारवादक-गायक ब्रूस ली मणी आणि ड्रमर राजीव राजगोपाल हे त्यातले सुरुवातीपासूनचे. आपल्या संगीताला ते ‘बंगलोर रॉक’ म्हणवतात. त्यात जॅझ आणि फंक इतकं मुरलेलं आहे की पोस्ट-हार्डकोअरशी त्याचं गोत्र जुळत नाही, पण स्वतःची वाट स्वतः काढायची ही वृत्ती तीच. २००० साली त्यांनी पहिल्या अल्बमचं नाव स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता हेच ठेवलं. कॅसेटच्या जमान्यात श्रोत्याला थेट आपल्या दारी बोलावण्याची ती युक्ती होती. २०१२ मध्ये त्यांनी ‘थ्री व्हील्स नाइन लाइव्ह्ज’ हा तिहेरी अल्बम काढला, तो रिक्षा या कल्पनेभोवती. बेंगळुरूत राहून रिक्षावाल्याशी घासाघीस न केलेला माणूस विरळा, तेव्हा हा विषय उसना आहे असं कुणी म्हणणार नाही.

मुंबईच्या ‘स्क्राइब’ने आणखी वेगळी वाट धरली. विश्वेश कृष्णमूर्तीचा आवाज आणि बँडचा मारा अस्सल हार्डकोअरचा, पण अल्बमची नावं पाहा: २०१०चा ‘मार्क ऑफ तेजा’, २०१४चा ‘हेल मोगॅम्बो’. एक ‘अंदाज अपना अपना’मधून आलेलं, दुसरं ‘मिस्टर इंडिया’मधून. त्यांचं एक गाणं चक्क पावभाजीवरच्या प्रेमाचं आहे. अमेरिकन पोरांचा राग उसना घेण्यापेक्षा आपल्या टीव्हीवर शंभरदा पाहिलेले खलनायक आणि रस्त्यावरचा तवा त्यांना जवळचा वाटला, आणि मला यातच त्यांचा खरेपणा दिसतो. त्यांचा बासवादक श्रीनिवास सुंदरराजन चित्रपटही करतो.

‘गॉडेस गॅग्ड’चा ‘रीसरफेस’ २०११चा. सिद्धार्थ बसरूरचा मोकळा, चढा आवाज आणि त्याखाली गुंतागुंतीच्या गिटारी, अशी त्याची बांधणी. हा बँड फार काळ टिकला नाही, पण त्यातले देवेश दयाळ आणि कृष्णा झवेरी पुढे ‘स्कायहार्बर’ या बँडमध्ये गेले आणि त्याच्या २०१४च्या ‘गायडिंग लाइट्स’ या अल्बममध्ये त्यांनी वाजवलं. आपल्याकडे असे बँड मोडतात ते बहुधा भांडणांमुळे नाही. शिक्षण संपतं, नोकरी लागते, शहर बदलतं, आणि तालमीची खोली सुटते.

गाण्याच्या भाषेवरूनही तुम्ही विचारात पडला असाल. इंग्रजीत गाणारे बँड आहेत तसे कन्नडमध्ये गाणारेही आहेत. नाशिकला जन्मलेल्या आणि म्हैसूरला वाढलेल्या रघू दीक्षितने संत शिशुनाळ शरीफांची पदं गिटारवर आणली. २००८ मधला त्याचा पहिला अल्बम विशाल-शेखर या संगीतकार जोडीच्या कंपनीने काढला. ते पोस्ट-हार्डकोअर नाही, पण बेंगळुरूचा स्वतंत्र बँड काय करू शकतो याचं ते ठळक उदाहरण आहे.

प्रश्न : हल्ली कुणी अल्बम विकत घेत नाही म्हणतात. मग हे बँड अल्बम काढतातच कशाला? नुसते कार्यक्रम का करत नाहीत?

उत्तर : कार्यक्रम करणंही सोपं नाही, आणि बेंगळुरूत त्याला एक खास कारण आहे. इथे ‘लाइव्ह बँड’ अशी पाटी बरेचदा बायकांच्या नाचगाण्याच्या बारवर दिसायची. त्या जागांवर लगाम घालण्यासाठी २००५ मध्ये शहरातल्या सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणांना परवाना सक्तीचा करणारा आदेश निघाला. त्याची भाषा इतकी व्यापक होती की कोपऱ्यात गिटार वाजवणारा मुलगाही तिच्या कक्षेत आला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश वैध ठरवला. त्यानंतर काही महिन्यांतच इंदिरानगरसारख्या भागांतल्या कित्येक पबना नोटिसा गेल्या आणि तिथलं वाजवणं थांबलं. शेजाऱ्यांची तक्रारही खोटी नव्हती, वस्तीत रात्री आवाज नकोच. पण दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नियमात बांधल्या गेल्या आणि त्याची किंमत वादकांनी मोजली. नव्या बँडना आधार देणारं इंदिरानगरचं ‘द हमिंग ट्री’ही २०१९ मध्ये बंद झालं.

अशा शहरात अल्बम म्हणजे बँडची ओळख ठरते. महोत्सवाचे आयोजक आधी तोच ऐकतात. पैसा येतो तो कार्यक्रमांतून, जाहिरातींच्या संगीतातून आणि शिकवण्यांतून. ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ने तर ‘टाकॅडमी’ नावाची संगीतशाळाच काढली.

पण हिशेबापलीकडचंही कारण आहे आणि ते तुमच्या पहिल्या शंकेशी जोडलेलं आहे. शांत आणि प्रचंड यांच्यातल्या अंतरावर जे संगीत उभं आहे, त्याला एका गाण्याची लांबी पुरत नाही. पहिलं गाणं कुठे सोडायचं, तिसऱ्यानंतर श्वास घ्यायला काय द्यायचं, सर्वांत मोठा कडाका कितव्या गाण्यात आणायचा, यावर बँडमध्ये रात्र-रात्र वाद होतात. मोबाइल ॲपने गाणी उलटसुलट वाजवली की हा सगळा विचार वाया जातो. वर ॲप बहुधा सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणतं, त्यामुळे शेजारच्या गाण्यांहून हे वेगळं का, तेही कळेनासं होतं.

प्रश्न : मला एकदा प्रामाणिकपणे ऐकून पाहायचं आहे. सुरुवात कशाने करू?

उत्तर : ‘थर्मल अँड अ क्वार्टर’च्या ‘ज्युपिटर कॅफे’पासून करा. हा २००२चा अल्बम आहे, कुणी किंचाळत नाही आणि गिटारकाम अव्वल आहे. मग ‘फुगाझी’चा ‘रिपीटर’ घ्या. पहिल्या फेरीत फक्त बास ऐका, दुसऱ्या फेरीत दोन गिटारींचं बोलणं. त्यानंतर ‘रीसरफेस’ पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता, लेकीला शेजारी बसवून. तिला विचारा, कोणती जागा तिला आवडते आणि का. ‘स्क्राइब’ सर्वांत शेवटी ठेवा. आवडला नाही तर तसं लेकीला सांगा, पण हेडफोन काढून ठेवण्याआधी पावभाजीचं गाणं तेवढं ऐका.